दुःख, मोठं, नऊ सेकंद

डोळ्यांत थेंब घालून नर्सनं तिला बाकावर बसवलं आणि बजावलं, "अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत हं, आजी." बावन्न वर्षांच्या बाईला आजी म्हणणाऱ्या त्या पोरीवर चिडावं की हसावं, याचा निर्णय व्हायच्या आतच समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीतून तिचं स्वतःचं रडणं तिच्या कानांवर येऊन आदळलं. आधी तो लांबलचक आत ओढलेला श्वास, मग काहीतरी अडकल्यासारखी गप्प जागा, आणि मग पोटाच्याही खालून आलेला, दाबलेला, फाटका सूर. नऊ सेकंद. आपलं नाव कोणी गर्दीत घेतलं तर मान वळते, तशी तिची मान वळली. डोळे मिटलेलेच होते, पापण्यांच्या आत पिवळं पाणी चुरचुरत होतं. रडणं संपलं आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मग एक साखरेत घोळवलेला आवाज बोलू लागला. हा आवाज आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होता, कारण ही नटी गेले दोन महिने बसच्या पाठीवर, पाण्याच्या बाटलीवर, बँकेच्या मशीनच्या पडद्यावर, जिथं बघावं तिथं उभी होती. "त्या सीनसाठी मी आठ महिने तयारी केली," नटी सांगत होती. "ते रडणं आतून आलं. नंतर तीन दिवस माझा आवाज बसला होता." पुन्हा टाळ्या. शेजारी बसलेली बाई उसासा टाकून म्हणाली, "काय जीव ओतलाय हो तिनं."

"ते तिचं नाही," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"काय?"

"ते रडणं. ते माझं आहे."

 बाकाची फळी हलकेच कुरकुरली आणि दोन माणसांच्या मधे जितकी जागा सभ्यपणाला पुरते, तेवढी जागा तिथं तयार झाली.

तीन दिवस आवाज बसला होता, हे खरंच होतं. फक्त तो नटीचा नव्हता, हिचा होता. तिनं घरी पाटीवर लिहून आईशी संवाद साधला होता, आणि आईनं पाटी लांब धरून वाचत, "एवढं कोणासाठी रडत होतीस?" असं विचारलं होतं. आई शाळेत शिवण शिकवायची; सुई-दोऱ्याचं काम सरळ, दिसणारं, हातात धरता येणारं. लेकीचा धंदा तिच्या पचनी कधी पडला नाही. कारण लेकीचा धंदाच रडण्याचा होता. तीस वर्षं ती डबिंग करत आली होती, आणि पहिल्या दोन-चार वर्षांतच कळून चुकलं होतं की संवाद म्हणणाऱ्या शंभर जणी मिळतात, रडणारी एखादीच. ज्या नट्यांना हुंदका जमत नाही त्यांचा हुंदका ती द्यायची. बाळंतपणाच्या किंकाळ्या, सासरी जातानाचे हुंदके, मालिकांमधलं तीन-तीन भाग चालणारं मुसमुसणं. स्टुडिओत तिला रडूताई म्हणत. "रडूताईला बोलवा, अर्ध्या तासात मोकळे होऊ." नाव कुठंच यायचं नाही, आणि तिला त्याचं वाईटही वाटायचं नाही. शिंप्याचं नाव कोटाच्या बाहेर कोण लावतो? कोट अंगाला नीट बसला म्हणजे झालं. असं ती स्वतःला सांगायची, आणि तीस वर्षं हे सांगणं पुरलंही होतं. आज, मिटलेल्या डोळ्यांनी, औषधाच्या वासात, ते पुरत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिची घशात जाऊन थांबली होती. कोट चोरला असता तरी चाललं असतं, पण ही बाई म्हणत होती की कातडी माझी आहे.

ते रडणं ज्या व्हिडिओ गेममधलं होतं, त्याची गोष्ट साधी होती. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरातून एक आई आपल्या लहान मुलीला घेऊन पळते, आणि खेळणाऱ्यानं त्या दोघींना सीमेपलीकडे पोचवायचं. आईला चेहरा नटीचा. नटीनं संवाद स्वतः म्हटले होते, तेवढं श्रेय तिला द्यायला हवं. बाकी धापा, ठेचा, किंचाळ्या, रडणं सगळं हिचं. स्टुडिओत तिच्या हातात यादी दिली होती, अडतीस प्रकारांची. 'भीती, लहान, दोन सेकंद.' 'वेदना, पाय, मध्यम.' 'दुःख, लहान.' 'दुःख, मध्यम.' आणि सगळ्यात शेवटी, 'दुःख, मोठं.' वाण्याची यादी वाचावी तशी तिनं ती वाचली होती आणि काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टला म्हणाली होती, "दुःख सुटं देऊ की पॅकिंगमधे?" तो हसला होता. वीस वर्षांची ओळख. सदतीस प्रकार दोन दिवसांत उरकले. अडतिसावा अडला. खेळणाऱ्याच्या चुकीनं मुलगी मरते, आई तिला मांडीवर घेते, आणि रडते. तिनं एक दिलं, दुसरं दिलं, पाचवं, आठवं. कंपनीची मॅनेजर, पंचविशीतली मुलगी, काचेमागे फोनवर बोट फिरवत बसली होती, प्रत्येक वेळी मान वर करून गोड आवाजात म्हणायची, "छान आहे ताई, पण पोचत नाहीये." अकराव्यांदा पोचत नाहीये म्हटल्यावर तिच्या आत काहीतरी ताठ झालं. दुःख नव्हे. तिनं हे नंतर पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं होतं. तो निव्वळ अभिमान होता, कसबी माणसाचा अभिमान. या पोरीला दाखवतेच, पोचणं म्हणजे काय ते. आणि बाराव्या वेळी तिनं ते काढलं, जे तिनं तीस वर्षांत एकदाही, कितीही अडलं तरी, वापरलं नव्हतं.

ती अकरा वर्षांची होती आणि धाकटी बहीण सहाची. ताप आला, तीन दिवस उतरला नाही, आणि चौथ्या दिवशी आईवडील दवाखान्यातून दोघंच परत आले. घरात माणसं जमली. आई कोणाशी बोलली नाही, रडली नाही, सरळ बाथरूममधे गेली आणि आतून कडी लावली. ती बाहेरच्या अरुंद बोळात उभी होती, नळाचा पाइप भिंतीवरून जात होता तिथं, त्या थंड पाइपला गाल लावून. आणि आतून तो आवाज आला. श्वास, अडलेली जागा, फाटका सूर. नंतर नळ सोडल्याचा आवाज. आई बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि तिनं विचारलं होतं, "जेवलीस का?" त्यानंतर बहिणीचं नाव त्या घरात कोणी घेतलं नाही. फोटो कपाटात चादरींच्या खाली गेला. वडील गेले, घर बदललं, चादरी बदलल्या, फोटो नव्या चादरींखाली. नाव नाहीच. फक्त तो आवाज तिच्याजवळ राहिला, आणि आपण तो ऐकलाय हे तिनं आईला कधी कळू दिलं नाही.

बारावा टेक संपल्यावर रेकॉर्डिस्टनं कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मॅनेजर म्हणाली, "सुपर." ती बाहेर आली, आणि तिला कडकडून भूक लागली होती. तिनं दोन सँडविच खाल्ली, चवीनं, वर चहा घेतला. बरं वाटत होतं. अवघड काम साधल्यावर वाटतं तसं. हे बरं वाटणं तिला आता, बाकावर बसल्या बसल्या, चोरलेल्या मालासारखं खुपत होतं. म्हणजे मग नटीनं माझं चोरलं म्हणताना माझा हात कुठं असतो? स्वतःच्याच खिशात, की आईच्या?

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर काळा चष्मा लावून, भिंतीच्या कडेकडेनं चालत तिनं रेकॉर्डिस्टला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मीपण बघितलं. पण कागदावर तू सही केली आहेस. आवाजावर हक्क सांगणार नाही, कोणाला सांगणार नाही. मीसुद्धा केली आहे."

"हक्काचं राहू दे. ती तीन दिवस आवाज बसला म्हणते. ते तिला कोणी सांगितलं?"

 तो म्हणाला, "मीच मॅनेजरला सांगितलं होतं. तुझ्या काळजीनं. म्हटलं, ताईला पुढच्या आठवड्यात बोलवा, आवाज बसलाय."

म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या नुसत्या नव्हत्या, पीठ मळतानाचे घामाचे थेंबसुद्धा मोजून नेले होते. ती फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. समोरच्या दुकानाच्या काचेत नटी होती, मांडीवर चित्रातली मेलेली मुलगी घेऊन, गालावर एकच थेंब. थेंब फार सुबक होता. खऱ्या रडण्यात नाक गळतं, ओठ वाकडे होतात, हे त्या चित्रकाराला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या पंधरा दिवसांत तिच्या नऊ सेकंदांना पाय फुटले. कोणीतरी त्या रडण्यावर ओठ हलवून व्हिडिओ केला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. रडून दाखवा म्हणून स्पर्धा लागली. क्रिकेटपटूनं केला, बातम्या देणाऱ्या बाईनं केला, एका नवऱ्यानं बायकोनं चहात साखर कमी घातली म्हणून केला, आणि तो सगळ्यात जास्त चालला. नटीनं स्वतः केला, स्वतःचं म्हणवलेल्या रडण्यावर ओठ हलवून, आणि ओठ पाव सेकंद मागे पडले. तिला तो पाव सेकंद दिसला. इतर कोणाला दिसायचं कारण नव्हतं. लिफ्टमधे, बसमधे, भाजीच्या दुकानात आईचा आवाज फुटत होता आणि लोक हसत होते. ती घरी आली की आधी टीव्हीची पिन काढून ठेवायची. आईला सांगितलं होतं, वायरिंगमधे काहीतरी बिघाड आहे. आई म्हणाली, "तुझ्या तोंडावरून तर वाटतं बिघाड घरातच आहे."

आणि मग वारं फिरलं. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की मुलीला मुद्दाम मरू दिलं की ते रडणं पुन्हा ऐकायला मिळतं. पुन्हा मारायची, पुन्हा ऐकायचं. कोणी शंभर वेळा मारली, कोणी हजार, आणि आकडे अभिमानानं जाहीर होऊ लागले. एका शाळेतल्या पालकांनी तक्रार केली. चॅनेलवाल्यांना तर हे घबाडच मिळालं. चार चौकटींत चार माणसं बसवून दिवसभर भांडणं लावली. गेमवर बंदी घाला, बंदी घालू नका. ते रडणं विकृत आहे, अश्लील आहे, मुलांच्या मनावर कायमचा चरा उमटवणारं आहे. एक डॉक्टर म्हणाले, असा आवाज काढणारी व्यक्ती स्वतः तपासून घ्यायला हवी. भाजी घेताना दुकानातल्या पडद्यावर तिनं हे ऐकलं आणि हातातला टोमॅटो इतका दाबला की दुकानदार म्हणाला, "तो घ्यावा लागेल, ताई." मारणाऱ्याला कोणी काही म्हणत नव्हतं. हजार वेळा मारणारा निष्पाप, आणि रडणारी विकृत. ज्या बाईचं मूल गेलं तिनं जरा बेतानं, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असं रडावं, एवढीच सगळ्यांची मागणी होती.

दुसऱ्या दिवशी नटीनं निवेदन काढलं. पांढरे कपडे, चेहरा उतरलेला. 'मी एक कलाकार आहे, आणि एक मुलगीही आहे. सत्य सांगणं माझं कर्तव्य आहे. ते रडणं माझं नाही. ते एका डबिंग करणाऱ्या बाईंनी केलं आहे. मी तेव्हाच त्याला हरकत घेतली होती.' आणि नटीनं तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव, मधल्या नावासकट. तीस वर्षांत जे एकाही पडद्यावर आलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी सगळ्या पडद्यांवर एकदम आलं. खापर फोडायला डोकं लागतं, ते नाव-पत्त्यासह सापडलं. फोन वाजायला लागला तो थांबेना. अनोळखी माणसं शिव्या देत होती; त्यातल्या काही शिव्या देणाऱ्यांच्या मागे गेमचं संगीत चालू होतं. चोराच्या उलट्या बोंबा तिनं आयुष्यात खूप ऐकल्या होत्या, काही तर स्वतःच्या आवाजात भरल्याही होत्या, पण चोर माल परत आणून तुमच्या दारात टाकतो आणि मग पोलिसांना बोलावतो, हे नवीन होतं.

त्याच गदारोळात कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. आवाज तसाच गोड. "ताई, आपण ते रडणं बदलतोय. उद्या अकराला येता का? थोडं सौम्य द्या. दुःख मध्यम आणि मोठं यांच्या मधलं."

"आणि माझं नाव घेतलं त्याचं काय?"

"नाव झालं की ताई तुमचं. लोक यासाठी काय काय करतात."

ती येते म्हणाली. का म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुधा एवढ्यासाठीच की ते रडणं एकदा तिथून निघालं म्हणजे सुटलो. सुटका होणार नव्हती, हेही तिला कळत होतं. विहिरीत पडलेला थेंब कोणी वेचून काढला आहे?

सकाळी नऊला दाराची घंटा वाजली. इमारतीतलं कोणी असेल म्हणून तिनं दार उघडलं. रिपोर्टर होता, मागे कॅमेरा धरलेला दुसरा. "फक्त एक प्रश्न, मॅडम. हा तुमचाच आवाज ना?" आणि ती दार लोटायच्या आत त्यानं मोबाइल पुढे करून बटण दाबलं. श्वास. अडलेली जागा. फाटका सूर. स्वयंपाकघरातला खुडबुडीचा आवाज थांबला. आई बाहेर आली, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात अर्धा सोललेला बटाटा. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, पण मान ताठ. तिनं रिपोर्टरकडे बघितलं.

"परत लाव."

त्यानं परत लावलं. आईनं पूर्ण ऐकलं. मग लेकीकडे वळून, रिपोर्टर जणू तिथं नाहीच अशा आवाजात तिनं विचारलं, "हे तुझ्याकडे कुठून आलं?"

"मी बाहेर बोळात होते," ती म्हणाली. "पाइपापाशी."

"मी तोंडात टॉवेल कोंबला होता. तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

 ती अडलेली जागा. एक्केचाळीस वर्षं तिला वाटत आलं होतं की दुःख तिथं अडलं होतं. तिथं टॉवेल होता. तो तिच्यासाठी होता. त्या नऊ सेकंदांत आई जितकी मेलेल्या मुलीसाठी रडत होती तितकीच बाहेरच्या जिवंत मुलीसाठी गप्प राहत होती, आणि हे गप्प राहणं तिनं जसंच्या तसं, टॉवेलासकट उचलून माइकपुढे ठेवलं होतं.

"आजी, म्हणजे ओरिजिनल आवाज तुमचा?" रिपोर्टरचे डोळे चमकले. त्यानं मागच्याला खूण केली.

"किती लोकांनी ऐकलं हे?" आईनं विचारलं.

"कोट्यवधी, आजी."

"आणि त्यातल्या एकानंही विचारलं नाही, मूल कोणाचं होतं म्हणून?"

"कोणाचं होतं?" रिपोर्टर म्हणाला.

आईनं नाव घेतलं. सहा वर्षांच्या मुलीचं नाव, आधी शाळेतलं आणि मग घरातलं, लाडाचं. लेकीनं ते लाडाचं नाव एक्केचाळीस वर्षांनी ऐकलं, आणि आपण ते विसरलो होतो हे तिला त्याच क्षणी कळलं. रिपोर्टरनं भुवया जवळ घेतल्या. "हे गेममधल्या मुलीचं नाव आहे का? तिथं तर वेगळं आहे."

तिनं दार लावलं. आपटलं नाही, कडी घातली, साखळी लावली, आणि तिथंच उभं राहून मॅनेजरला फोन लावला.

"मी येत नाही. मधलं नाही, मोठं नाही, काही मिळणार नाही. आणि ते जुनं आजच्या आज काढा. ते माझं नव्हतं. मी न विचारता घेतलं होतं."

 "म्हणजे कॉपीराइटचा इश्यू आहे का ताई? मालक कोण आहेत? आपण त्यांच्याशी बोलून घेऊ."

"मालकीण घरात आहे. ती नाही म्हणते."

"एकदा त्यांना फोन द्याल का?"

"तुम्ही काचेमागे बसून मला अकरा वेळा म्हणालात, पोचत नाहीये. बाराव्या वेळी मी मूर्खासारखी पोचवायला गेले. आता तुमच्यापर्यंत काही पोचवायची माझी इच्छा नाही," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.  राग अजून गेला नव्हता, आणि त्यातला कुठला नटीवर, कुठला स्वतःवर, हे निवडत बसायला आत्ता वेळ नव्हता. आई स्वयंपाकघरात परत गेली होती.

ती आत गेली. आई टेबलाशी बसून उरलेला बटाटा सोलत होती, साल न तोडता, एका लांब पट्टीत. ती समोर बसली. माफ कर म्हणायचं होतं. पण तीस वर्षं लोकांच्या माफ्या स्वतःच्या गळ्यातून काढल्यावर स्वतःची कुठल्या सुरात मागायची, ते सुचेना.

"रागावलीस?" तिनं विचारलं.

"रागावले तर आहेच," आई म्हणाली. "घेतलंस त्याचा नाही. मेलेल्या पोरीसाठीचं रडणं तेवढं जपून ठेवलंस. आणि ती जिवंत होती सहा वर्षं, त्याचं काय ठेवलंस? ती हसायची कशी, सांग बरं."

तिनं आठवून पाहिलं. हजारो आवाज तिच्याजवळ होते. कुठल्या दाराची बिजागरी, कुठल्या मावशीचा खोकला, जुन्या घरातला तो नळ. बहिणीचा फ्रॉक आठवला, गुडघ्यावरची खपली आठवली, हसताना दिसणारी पडलेल्या दाताची फटसुद्धा आठवली. पण त्या फटीतून आवाज येईना. तिनं मान हलवली.

आईनं सुरी खाली ठेवली. हात पुसले. "अशी," ती म्हणाली, आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या कोरड्या गळ्यातून एक बारीक, चिरका, उचकीसारखा आवाज निघाला. दोघी ऐकत राहिल्या. "नाही, अशी नव्हती. शेवटी जरा वर जायची." आईनं श्वास घेतला आणि पुन्हा हसून बघितलं. बाहेर घंटा वाजत होती, टेबलावर फोन वाजत होता. ती समोर बसून फक्त ऐकत होती. तो आवाज स्वतःच्या गळ्यातून काढून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. "थांब," आई म्हणाली, "येईल आता," आणि तिनं तिसऱ्यांदा हसायला सुरुवात केली.